चोंदलेले नाक आणि मानमोडीचे साल

आश्विन लागला, पाऊस पाठ फिरवू लागला, की आमच्या शहापूर-मुरबाडकडे घरोघरी एक ठरावीक आवाज ऐकू येतो. ओटीवर बसून नाक शिंकरण्याचा. दिवसा ऊन चटके देते, रात्री सह्याद्रीच्या कड्यावरून गार वारा खाली उतरतो, शेतात हळवे भात कापणीला आलेले असते, आणि घरातले एखादे तरी माणूस घोंगडी पांघरून कोपऱ्यात बसलेले असते. "काय झालं?" म्हणून विचारावे, तर उत्तर येते, "काय नाय, दाक चोंदलंय." बिचाऱ्याला 'नाक' म्हणायचे असते, पण नाकच बंद, तेव्हा 'न' यायचा कुठून?

आपण हसतो आणि पुढे जातो. पडसे हा काही कोणी मनावर घेण्यासारखा आजार नव्हे. औषध घेतले तर सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर आठवड्यात, ही थट्टा सर्वांना ठाऊक आहे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या पुस्तकांत लढाया आहेत, तह आहेत, १६३६ साली शहाजीराजांनी शहापूरजवळच्या माहुली किल्ल्याचा घेतलेला आश्रय आहे, मुरबाडच्या वेशीवरच्या नाणेघाटातले सातवाहनांचे शिलालेख आहेत. चोंदलेल्या नाकाला तिथे जागा नाही. तरीही आज मला त्याच विषयावर तुमच्याशी बोलायचे आहे. कारण आमच्या घरात या नाकापायी एक हळहळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि ती कितपत खरी, हे इतिहासाला विचारल्याखेरीज मला चैन पडेना.

ती हळहळ अशी. माझ्या आजीच्या सासूबाई, म्हणजे माझी पणजी, १९१८ साली ऐन तारुण्यात होती, दोन लेकरांची आई होती. मुरबाड तालुक्यातले आमचे गाव. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला घरातली सात माणसे एकदम तापाने अंथरुणाला खिळली. तिचा धाकटा दीर वीस-बावीस वर्षांचा, अंगापिंडाने धडधाकट गडी. तिसऱ्या रात्री त्याला दम घेववेना. "वैनी, नाक मोकळं होत नाय," असे तो सारखे म्हणत होता. घरातला निरगुडीचा पाला संपलेला. आणायचा तर ओढ्यापलीकडे जायला हवे, आणि बाहेर काळोख. उठून जाईल असे घरात कोणी उरलेले नव्हते. वाफारा द्यायचा राहिला. पहाटे तो गेला. पणजी त्यानंतर बरीच वर्षे जगली, पण दर आश्विनात कोणाचे नाक चोंदले की म्हणायची, "त्या रातीला पाला असता तर भावजी वाचले असते." आजीने हे तिच्या तोंडून ऐकले आणि मी आजीच्या.

पाला असता तर तो खरोखरच वाचला असता का? एवढाच माझा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

आपल्या भाषेने नाकाला फार मानाचे स्थान दिले आहे. अब्रू गेली म्हणजे नाक कापले जाते, दमछाक झाली म्हणजे नाकी नऊ येतात. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण तर पडशाच्या प्रत्येक रोग्याने रात्रभर अनुभवलेली असते. सकाळी उठावे तो जीभ लाकडासारखी कोरडी. आणि एक जुना वाक्प्रचार आहे, नाकाशी सूत धरणे. माणूस अखेरच्या घटका मोजू लागला की त्याच्या नाकाशी सुताचा धागा धरीत. धागा हलला तर श्वास चालू आहे. हे सूत ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

'पडसे' हा शब्द मूळचा संस्कृत 'प्रतिश्याय'. प्राकृताच्या उंबरठ्यावर घासत घासत तो आपल्याकडे पडसे होऊन आला. म्हणजे दुखणे जुने आणि नावही जुने. चरकसंहितेत नाकात घालायच्या 'अणुतैला'ची कृती दिली आहे. वाग्भटाने तर अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला विसावा अध्याय नस्याला दिला आणि लगेच पुढचा औषधी धूम्रपानाला. नाक म्हणजे मस्तकाचे दार, असा तो विचार. हठयोग्यांनी नेती सांगितली. विसाव्या शतकात लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी अशा क्रिया प्रयोगशाळेच्या कसोटीवर तपासण्याचा प्रघात पाडला. ती संस्था १९२४ सालची.

पुढे पोर्तुगिजांच्या गलबतांतून तंबाखू आली आणि तिच्यापासून तपकीर झाली. चिमूट ओढली की सटासट शिंका येतात आणि घटकाभर नाक सुटल्यासारखे वाटते. कित्येक आजोबांच्या उपरण्यावरचे तपकिरी डाग या समाधानाची साक्ष देत. समाधान घटकेचे आणि व्यसन जन्माचे, ही गोष्ट वेगळी.

पण चरक-वाग्भट आमच्या कुडाच्या भिंतींच्या घरांत कुठले यायला? तिथे राज्य आजीचे. शहापूर तालुक्याचे जुने नाव कोळवण. रान दाट, तापाचा मुलूख म्हणूनच तो ओळखला जाई. दवाखाना दूर आणि पावसाळ्यात ओढे भरले की आणखी दूर. तेव्हा जे हाताशी होते त्यावर भागवायचे. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायची. सुंठ आणि गूळ चघळायचा. पातीचा चहा, तुळस आणि आले घालून, घोट घोट घ्यायचा. अडुळशाचा रस मधातून द्यायचा; मध रानातून ठाकूर-कातकरी आणून देत. कपाळावर वेखंड उगाळून लावायचे. शेतातले मुठे सापडले तर त्यांचा झणझणीत रस्सा. तो पिताना डोळ्यांतून पाणी आणि नाकातून धार, दोन्ही एकदम. आणि सर्वांत वरचा उपाय म्हणजे निरगुडीच्या पाल्याचा वाफारा. चुलीवर टोपात पाला उकळायचा, टोप पुढ्यात घ्यायचा आणि डोक्यावरून घोंगडी.

या वाफाऱ्याची एक आठवण माझ्या धाकट्या भावाच्या पायावर अजून आहे. लहानपणी घोंगडीच्या आत त्याला खोकल्याची उबळ आली, टोप कलंडला आणि पाऊल भाजले. पडसे चार दिवसांत गेले. पायाला महिना लागला. २०२०-२१ मध्ये करोनाच्या भीतीने लोक दिवसातून चार-चार वेळा वाफ घेऊ लागले, तेव्हा अशा भाजण्याच्या घटना पुष्कळ घडल्या. वाफेने करोना जातो याला तेव्हाही आधार नव्हता आणि आजही नाही.

आजीच्या फडताळात हळूहळू बाजारची औषधेही आली. आपण 'निलगिरीचे तेल' म्हणतो. पण ते झाड मूळचे निलगिरीचे नव्हेच. ते ऑस्ट्रेलियाचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी ते जळणासाठी निलगिरी पर्वतावर लावले आणि आपण डोंगराचे नाव झाडाला, झाडाचे तेलाला देऊन टाकले. अमृतांजनाचा जन्म तर मुंबईचाच. काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्रातून आलेल्या गृहस्थांनी ते १८९३ मध्ये सुरू केले. या मलमांतला पुदिन्याचा अर्क, म्हणजे मेन्थॉल, मोठा लबाड आहे. नाकात थंडावा जाणवणाऱ्या ज्या नसा असतात त्यांना तो चेतवतो, आणि हवा खुळखुळ वाहते आहे असे आपल्याला वाटते. नाकातून जाणारी हवा मोजून पाहिली तर ती होती तेवढीच! पण म्हणून त्याला फसवणूक म्हणू नका. त्या भासावर माणूस दोन तास झोपतो, आणि आजारपणात दोन तासांची झोप ही काही थोडकी कमाई नाही.

मग नाक चोंदते तरी कशाने? आपली समजूत अशी, की आत शेंबूड साचला. तो असतोच, पण खरा अडथळा वेगळा आहे. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मऊ मांसल वळ्या असतात आणि त्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पडशात त्या वाहिन्या फुगतात, वळ्या सुजतात आणि वाट बुजते. म्हणून जोर लावून कितीही शिंकरा, नाक सुटत नाही. उलट कान मात्र दुखू लागतात. आडवे झाले की डोक्याकडे रक्त अधिक साठते आणि सूज वाढते. 'रात्री जास्त चोंदते' ही तक्रार खोटी नसते. आजी उशीखाली आणखी एक गोधडी सरकवायची, त्यातले शास्त्र हेच. एरवीही दोन्ही नाकपुड्या सारख्या वाहत नाहीत. काही तास एक, मग दुसरी, अशी पाळी चालते. १८९५ मध्ये कायझर नावाच्या जर्मन वैद्याने हे नोंदवले. आपल्याकडच्या स्वरशास्त्राला चंद्रनाडी-सूर्यनाडीच्या रूपाने ते आधीच परिचयाचे होते.

हे झाले नाकाचे. आता त्या सालाकडे वळू.

१९१८. पहिले महायुद्ध संपत आले होते आणि फौजांची जहाजे मुंबईच्या गोदीत ये-जा करीत होती. जूनमध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांना ताप आला आणि पाहता पाहता साथ शहरभर पसरली. ती पहिली लाट सौम्य होती. लोक चार दिवस पडले आणि उठले. सप्टेंबरात दुसरी लाट आली, आणि ती काळ होऊन आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मेली. दुखणे आगगाडीच्या वेगाने देशभर गेले. आमच्या भागापुरते पाहा: मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीपर्यंत पोचला होता. म्हणजे शहापूर तालुका या मार्गावरच वसलेला. मुरबाडला रेल्वे नव्हती. पण कल्याणच्या बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्या होत्या, आणि ताप काही तिकीट काढून प्रवास करीत नाही.

आपल्या लोकांनी या साथीला नाव दिले, मानमोडी. मान मोडून पडावे तसा तरणा माणूस उभ्याचा आडवा होई. मराठीने एका शब्दात रोगाचे लक्षण सांगितले आहे. कारण या साथीची विचित्र तऱ्हा ही, की म्हातारे-कोतारे आणि तान्ही मुले यांच्याबरोबर वीस ते चाळीस वयाची भरज्वानीतली माणसे तिने फार नेली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. सबंध हिंदुस्थानचा आकडा अभ्यासकांच्या अंदाजाने सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातो. १९२१ ची खानेसुमारी झाली तेव्हा दहा वर्षांपूर्वीपेक्षा देशाची लोकसंख्या कमी भरली. आपल्या खानेसुमारीच्या इतिहासात असे एकदाच घडले.

त्यात १९१८ चा पाऊस दगा देऊन गेलेला. धान्य महागलेले, गुरांना चारा नाही. पोटात अन्न नसलेल्या माणसाला रोगाने धरले. आणि सर्वांत वाईट म्हणजे घरेच्या घरे एकदम पडली. तहान लागलेल्याला पाणी द्यायला दुसरा उभा नाही, उभे पीक कापायला हात नाहीत.

त्या वेळच्या डॉक्टरांपाशी तरी काय होते? रोग कशाने होतो हेच ठाऊक नव्हते. १८९२ मध्ये फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने एक जंतू दाखवला होता, त्यालाच सारे दोषी धरून बसले होते. खरा अपराधी, म्हणजे इन्फ्लुएंझाचा विषाणू, माणसात सापडला तो १९३३ मध्ये, लंडनमध्ये. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. ते रोग्याच्या हाती पडायला १९४० चे दशक उजाडले. साध्या पडशाचा मुख्य कारभारी ऱ्हायनोव्हायरस तर १९५० च्या दशकात उमगला, आणि त्याचे दीडशेहून अधिक प्रकार निघाले. पडशावर लस का नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. पणजीच्या दिराचे नाक चोंदले होते, हे खरे. पण त्याचा जीव घेतला तो नाकाने नव्हे. मानमोडीत विषाणू खाली फुप्फुसात उतरे, मागोमाग जंतू शिरत, फुप्फुसे पाण्याने भरत; ओठ आणि नखे निळी पडत. धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत जाई. निरगुडीची वाफ नाकाला क्षणभर सैल करते, घशाला ऊब देते. फुप्फुसाच्या तळाशी ती पोचत नाही. ओढ्यापलीकडचा सगळा पाला आणला असता तरी त्या रात्री तो वाचला नसता. पणजी, तुझी काही चूक नव्हती.

एवढे म्हणून थांबलो असतो तर अर्धेच सांगितले असे झाले असते. कारण त्या घरातली उरलेली सहा माणसे वाचली, याची कथा आजी कधी रंगवून सांगत नसे, मी विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, "सासूबाई काय करणार? पेज घालायच्या सगळ्यांना." स्वतःच्या अंगात ताप असताना ती बाई तांदळाची पातळ पेज मीठ टाकून शिजवी आणि एकेकाचे डोके मांडीवर घेऊन वाटीने पाजी. पेजेने विषाणू मरत नाही. पण तापात अंगातले पाणी आटते, ते भरून निघते. पोटाला आधार होतो, आणि कोणीतरी जवळ आहे हे रोग्याला कळते. ज्या काळी औषध नव्हते त्या काळी शुश्रूषा हेच औषध होते. पणजीला जन्मभर आठवला तो न दिलेला वाफारा. दिलेली पेज तिच्या हिशेबातच नव्हती. घराघरांतल्या बायांचा हिशेब असाच असतो, नाही का?

आणि आता ते सूत. श्वास थांबला की नाही हे सुताने कळे. पण श्वास बिघडू लागला आहे हे आधी कसे कळावे? याचे फार सुंदर उत्तर आपल्याच महाराष्ट्रातून आले. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. खेड्यातली पोरे न्यूमोनियाने मरतात आणि डॉक्टर दूर असतो, हे पाहून त्यांनी गावातल्याच माणसांना तान्ह्या मुलाचे श्वास मोजायला शिकवले. ज्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नसत त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधे श्वासमापक केले. श्वास फार जलद असले तर जागच्या जागी औषध. न्यूमोनियाचे बालमृत्यू त्या गावांत निम्म्याहून खाली आले; १९९० मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले.

आज शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यावर आशाताई असतात. त्यांच्या शिकवणीत हे श्वास मोजणे आहे. तुम्हीही ते शिकून घ्या, फार सोपे आहे. मूल शांत असताना, झोपलेले असल्यास उत्तमच, पोटाची हालचाल मिनिटभर मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर ते नुसते पडसे नव्हे. आपल्या बायका म्हणतात तसे 'पोट उडते' आहे, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते आहे, मूल अंगावर पीत नाही, ओठ निळे दिसतात, असे झाले की काढा बाजूला ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. मोठ्या माणसालाही धाप लागली, छातीत दुखू लागले, भ्रम झाला किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर हाच नियम.

तोवर घरचे उपाय जरूर करा. गरम पेज, कुळथाचे कढण, पातीचा चहा, उंच उशी, विश्रांती. पेलाभर पाणी उकळून कोमट करावे, त्यात अर्ध्या लहान चमच्याहून थोडे कमी मीठ विरघळवावे आणि नाक धुवावे. नेतीसाठी न उकळलेले पाणी कधी घेऊ नये. तान्ह्या बाळाला नाकानेच श्वास घेण्याची सवय असते. नाक चोंदले की ते पिऊ शकत नाही आणि रडते. त्याला पाजण्याआधी औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घालावे. मात्र बाळाच्या नाकात तेल घालू नये. ते फुप्फुसात उतरते. कापूर नाकाशी लावू नये, वर्षाच्या आत मध चाटवू नये. नाक मोकळे करणारे बाजारी थेंब चार-पाच दिवसांहून अधिक वापरले तर नाक अधिकच चोंदते. लहान मुलांना मनानेच खोकल्या-पडशाची औषधे देऊ नयेत. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे दूषित खोकल्याच्या औषधाने मुले दगावली, हे आपण विसरलो नसू. आणि विषाणूच्या पडशाला अँटिबायोटिक काही करीत नाही.

पौषी पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरते. थंडीचे दिवस, गुरांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग. आजी असेपर्यंत तिथून दर दोन-चार वर्षांनी एक घोंगडी घरी येत असे. "वाफाऱ्याला लागते," असे ती म्हणे. शेवटची घोंगडी अजून आमच्याकडे आहे. घरात कोणाला पडसे झाले की आम्ही ती काढतो, पण तिच्या आत टोप ठेवीत नाही. रोग्याच्या पाठीवर ती घालतो, हाती पेजेची वाटी देतो, आणि जवळ बसून त्याचे श्वास मोजतो.